काखेत लेकरू घेऊन शाळेत येणाऱ्या पोरी

दिवाळी अंकाची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "बाबाजी, तुमच्या नोकरीतल्या गमती लिहून द्या." महानगरपालिकेच्या शाळेतली चपराशाची नोकरी गमतीची असते असं ज्याला वाटत असेल, त्यानं एका सोमवारी सकाळी आमच्या शाळेचा व्हरांडा झाडून पाहायचा होता.

रविवारी आमच्या व्हरांड्यात पत्ते चालायचे आणि पत्त्यांसोबत जे चालते तेही चालायचं. सोमवारी पोट्टे यायच्या आत मला काचा वेचाव्या लागत. झाडूनं काच निघत नाही. मोठे तुकडे निघतात, बारीक राहते, आणि आमचे निम्मे पोट्टे अनवाणी येत. म्हणून मी ओला बोरा, म्हणजे गोणपाट, फिरवायचो, आणि मग चपला काढून त्या फरशीवर स्वतः चालून पाहायचो. माझ्या तळव्याला लागली नाही म्हणजे त्यांच्याही लागणार नाही. ही माझ्या नोकरीतली पहिली गंमत. आवडली असेल तर पुढं वाचा.

मी चौथी नापास आहे. शुद्धलेखन अंकवाल्यांनी पाहावं, मजकुरात हात घालू नये, ही अट मी आधीच सांगून ठेवली आहे. गाव आमचं खापा. बाप मागावर बसायचा. माग बंद पडले तसे आम्ही नागपूरला आलो, आणि कोणाच्या तरी शब्दावर मी शाळेत लागलो. कागदावर शिपाई, लोकांच्या तोंडी चपराशी, पोट्ट्यांचा पराते काका. शाळेला झाडूवाला मंजूर नव्हता, चौकीदार मंजूर नव्हता, पाणी भरायला माणूस मंजूर नव्हता. मंजूर होतो तो मी. दुपारची खिचडी बाहेरून स्टीलच्या डब्यांत यायची. ती आधी मोठ्या माणसानं खाऊन पाहायची, मग पोरांना वाढायची, असा नियम आहे. मास्तर लोकांना नेमका त्या वेळी उपास आठवायचा. खाऊन पाहणारा मी. इतक्या वर्षांत एकदाही पोट बिघडलं नाही, हे खिचडीचं कौतुक की पोटाचं, ते देव जाणे.

वस्तीतल्या लोकांना ही शाळा आपली वाटायची ती दोन प्रसंगी. लग्नात आणि तेरवीत. एकदा एक जण हॉलची चावी मागायला आला.

"काका, पोरीचं लगन हाय. हॉल उघडून द्या ना."

"तुह्या लहान्या पोराचं नाव कोण्या शाळेत हाय बे?"

"कॉन्व्हेंटले."

"मंग मांडव तिकडेच टाक."

तो गेला आणि वरून फोन आणला. हॉल उघडावा लागला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांत पत्रावळी आणि भाताचा वास. मी ठरवलं, मी हात लावणार नाही. ज्यानं फोन केला त्यानं येऊन उचलावं. मी व्हरांड्यात बसून राहिलो. थोड्या वेळानं पाहतो तर आमच्या हेडमास्तरीण गजभिये मॅडम पदर खोचून एकट्याच पत्रावळी गोळा करून राहिल्या होत्या. मग मी उठलो. नव्या आल्या होत्या तेव्हा त्या. त्या दिवसापासून मी त्यांना मानलं. त्या स्वतः अशाच शाळेत शिकलेल्या. बाप त्यांचा गिरणीत होता आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून पाढे म्हणून घ्यायचा, असं त्या सांगायच्या. शाळा म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा.

आता जरा आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शाळा इमारतीवर चालत नाही, मास्तरवरही चालत नाही. पटावर चालते. पट म्हणजे शाळेत नावं किती पोरांची आहेत ते. सप्टेंबर संपता संपता पट मोजतात. त्यावर पुढच्या वर्षी मास्तर किती द्यायचे ते ठरते, आणि पट फारच खाली आला तर शाळाच उचलतात. पोरगं समोर बसलेलं असलं तरी भागत नाही, त्याचं आधार कार्ड लागते. बिहार, छत्तीसगडकडून आलेल्या मजुरांची पोरं आमच्याकडे यायची, खिचडी खायची, कविता म्हणायची. कार्ड नसलं की मोजणीत ती नसायचीच. डोळ्यांनी दिसणारं पोरगं कागदाला दिसत नाही.

आणि वस्तीत उघडल्या होत्या कॉन्व्हेंटा. आमच्याकडे ज्या शाळेत टाय असते तिला कॉन्व्हेंट म्हणतात. आमच्या मागच्या गल्लीतली तर टाईल्सच्या दुकानावर होती, दोन खोल्या आणि एक जिना. तिचा मालक आधी प्लॉट विकायचा. शिकवणाऱ्या पोरी बारावी झालेल्या. पण टाय होती, व्हॅन होती. आमच्याकडे शिकलेल्या मॅडम होत्या, पण फुकट होतं. आणि फुकटच्या वस्तूला वस्तीत कोणी हात लावत नाही, लग्नाचा हॉल सोडून.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरोघर पोट्टे मागायला जायचो. मागायलाच म्हणतो मी. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, द्या बाई तुमचं पोर. गजभिये मॅडम उन्हात डोक्यावर पदर घेऊन पुढं, मी मागं. माझं काम ओळख द्यायचं. वस्तीतल्या निम्म्या बाया माझ्याच हाताखालून गेलेल्या, म्हणजे माझ्या झाडलेल्या वर्गांतून.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आम्ही नाल्याच्या काठच्या घरांत गेलो. तिथं आचल राहायची. तिसरीत जायची होती. हुशार. दुसरीत असताना फळ्यावरची चूक पाहून मॅडमला थांबवणारी. पण उन्हाळ्याआधीच तिनं यायचं सोडलं होतं. बाप सेंट्रिंगच्या कामावर, कधी बुटीबोरीला, कधी उमरेडकडे. माय फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या मोठ्या इमारतीत, धुणीभांडी करायची. घरात वर्षाचा भाऊ होता, वंश नावाचा. तो आचलच्या काखेत होता. आम्ही बोलत होतो तोवर तो तिच्या काखेतून उतरलाच नाही.

"पाठवतो ना जी," आचलची माय म्हणाली. "पण याले कोण पाहीन? मी कामावर गेली का हा रांगत नाल्याकडेच जाते."

मॅडम म्हणाल्या, "अंगणवाडीत ठेव ना वं."

"तिथं तीन वर्साचा झाल्यावर घेते. तवापर्यंत काय याले पेटीत ठेवू?"

मी म्हटलं, "संगं आणू दे. मी पाहतो."

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मीही कोणाला विचारून बोललो नव्हतो. पण बोललो ते बोललो.

शाळा उघडली आणि पहिल्या दिवशी आचल वंशला घेऊन आली. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक आली काखेत बहीण घेऊन. मग ही गोष्ट वस्तीत पसरली, पराते काका लहाने सांभाळते म्हणून. आठ-नऊ वर्षांच्या पोरी, कमरेवर लेकरू, दुसऱ्या हातात पाटी, अशा गल्लीतून येताना दिसायच्या. ज्या घरांनी आमच्यासमोर दार लावलं होतं, तिथल्या पोरी आल्या. तिसरी-चौथीचे वर्ग भरले. मॅडम हजेरी घेताना हसायला लागल्या. ही गोष्ट आमच्या शाळेत दुर्मिळ होती.

लहान्यांसाठी मी व्हरांड्यात एक जुना फ्लेक्स अंथरला. कोण्या नेत्याच्या वाढदिवसाचा होता. उलटा टाकला, नाहीतर लेकरं दिवसभर त्याच्या मिशीवर मुतली असती. फ्लेक्स टाकला तो तिसरी-चौथीच्या दारांसमोर. सगळ्या पोरी मी दाराजवळ बसवल्या. कारण लहान्याला बहीण दिसली की ते खेळते, नाही दिसली की गळा काढते. कोणी मुतलं की मी पुसायचो. कोणाला भूक लागली तर खिचडीचा पातळ भाग बोटानं चाटवायचो.

सगळ्यात मोठी अडचण गेटची होती. शाळेला गेट नव्हतं. होतं आधी, लोखंडी. कोणीतरी एका सुट्टीत उपटून भंगारात विकलं. मॅडमच्या आधीच्या सरांनी अर्ज केला, मॅडमनं अर्ज केले. कोणी येऊन मोजमाप करून गेले, गेट आलं नाही. त्या उघड्या जागेतून थेट रस्ता, आणि रस्त्यावर रेतीचे टिप्पर. वर्षाचं लेकरू रांगायला लागलं की किती चपळ असते, हे ज्याच्या घरी आहे त्याला विचारा. मी पाणी भरायला गेलो, घंटा द्यायला गेलो, खिचडी उतरवायला गेलो, की मागं काय होईल याचा नेम नाही.

मग मी तेच केलं जे माझ्या मायनं माझ्यासाठी केलं होतं. आमच्या घरी माग खड्ड्यातला. विणणाऱ्याचे पाय खड्ड्यात असतात. रांगतं पोर त्यात पडू नये म्हणून कोष्ट्याच्या घरी लेकराच्या घोट्याला लुगड्याची मऊ पट्टी बांधतात आणि दुसरं टोक खांबाला. लांब ठेवतात, म्हणजे लेकरू फिरते, खेळते, पण खड्ड्यापर्यंत पोचत नाही. मी असाच वाढलो. वस्तीतल्या बायाही हेच करतात, खाटेच्या पायाला बांधून कामावर जातात. आचलची मायही करायची. मी व्हरांड्याच्या खांबांना पट्ट्या बांधल्या. जुन्या सुती लुगड्याच्या, धुतलेल्या. गाठ अशी की आवळत नाही आणि सुटतही नाही. घोट्यावर वळ उठत नाही. एकाही लेकराच्या पायाला ओरखडा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

असे दिवस चालले होते. आचल दारातून एक डोळा वंशवर आणि एक डोळा फळ्यावर ठेवून तिसरीत पहिली आली. पहिल्या घटक चाचणीत. मॅडमनं तिला वर्गासमोर उभं केलं तर तिनं आधी वंशला काखेत घेतलं आणि मग उभी राहिली.

श्रावण सरत आला होता तेव्हा एका संस्थेच्या बाई दप्तरं वाटायला आल्या. चांगल्या घरच्या, बोलायला गोड. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. गाडीतून उतरल्या, व्हरांड्यात आल्या आणि थबकल्या.

"हे काय आहे? यांना बांधलंय?"

"हो," मी म्हटलं. "पायाले."

"पण का?"

"गेट नाही म्हणून."

त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्या खाली बसल्या आणि वंशच्या पायाची पट्टी सोडायला लागल्या. ती विणकराची गाठ, सुटेना. अनोळखी बाई पाय ओढते म्हणून वंश जोरानं रडायला लागला. तो रडला म्हणून दुसरी रडली, तिसरा रडला. आतून पोरी धावत आल्या. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो घेतले. पट्टी, घोटा, रडणारं तोंड. जिथं गेट नव्हतं तिथला फोटो त्यांनी घेतला नाही. नसलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

मॅडम त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेल्या. "ताई, आमचं ऐकून तर घ्या." त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बाई असून हे कसं पाहता?" दप्तरं तशीच गाडीत परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. मग पेपरात. लहान लेकरांना जनावरासारखं बांधलं, असं मोठ्या अक्षरात. मी पेपर दोनदा वाचला, अक्षर अक्षर जुळवून. गेट हा शब्द कुठंही नव्हता.

मग महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातले साहेब आले. तरुण होते. आल्या आल्या त्यांनी मला समोर उभं केलं.

"तुम्हाला कोणी परवानगी दिली?"

"त्यायच्या मायनं."

"नियमात बसते का हे?"

"गेट नसनं बसते का साहेब नियमात?"

मॅडमनं माझ्या पायावर पाय दिला. पण साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "हे पहा काका, उद्या यातलं एखादं लेकरू रस्त्यावर गेलं आणि दगावलं, तर जबाबदार कोण?"

"म्हणून तर बांधून राहिलो ना जी."

साहेबांनी डायरीत काही लिहिलं. त्यांच्याजवळ उत्तर होतंही, पण ते चपराशाला द्यायचं नसते. मला नोकरीतून काढतील असं मला वाटलं होतं. मी तयारही होतो. पण मला नुसती लेखी समज मिळाली. मॅडमच्या फाईलला मात्र नोटीस लागली. आणि हुकूम निघाला, ज्याचं नाव पटावर नाही असं एकही मूल शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः त्या उघड्या गेटाच्या जागी उभ्या राहिल्या आणि काखेत लेकरू असलेल्या पोरींना सांगत होत्या, याला घरी ठेवून या. पोरी वळत होत्या. परत येणार नाहीत हे मॅडमलाही माहीत होतं आणि पोरींनाही. आचल सगळ्यांत शेवटी आली. वंशचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ती मॅडमला सोडून माझ्याकडे आली.

"काका, वंश झोपला हाय. झोपलेला चालते का?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम फळ्यावर काही लिहिलेलं नसताना आतल्या फळ्याकडे पाहत होत्या.

मी जिद्दीचा माणूस आहे. आवारात नको ना? ठीक. मी फ्लेक्स उचलला आणि रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन बसलो, आवाराच्या बाहेर. आचलला म्हटलं, दे इकडे आणि वर्गात जा. ती गेली. दोन-तीन पोरींनी पाहून आपली लेकरं आणून दिली. काही दिवस असं चाललं. पण चपराशी झाडाखाली बसला तर घंटा कोण देईल, पाणी कोण भरेल? मॅडम एक दिवस रस्ता ओलांडून आल्या. म्हणाल्या, "परातेजी, हात जोडते. ड्युटीच्या वेळात तुम्ही बाहेर दिसलात तर मला पुढची नोटीस सस्पेंडची आहे. माझी दोन पोरं शिकून राहिली." त्यांनी खरोखर हात जोडले होते, भर रस्त्यावर. मी फ्लेक्स गुंडाळला.

आचल यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेलो. माय कामावरून नुकतीच आली होती, चहा ठेवत होती.

"पोरगी हुशार हाय वं. तिले घरी नको बसवू."

"मले सांगू नका काका. अख्ख्या स्कीमनं फोटो पायला. माह्या कामावरची मॅडम म्हणे, तुह्या पोराले बांधते का वं तिकडे? मले मरणाची लाज आली. आमी का जनावरं आहो?"

"तू घरी बांधतच होती ना?"

"घरची गोष्ट येगळी हाय. घरचं पेपरात येते का?"

ती चहा गाळत म्हणाली, "वंशले मी कॉन्व्हेंटले टाकीन. पोटाले चिमटा काढीन पण टाय लावीन. तिचं झालं तेवढं झालं."

"आमच्या शाळेत काय खराबी हाय?"

तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमची नात कोण्या शाळेत जाते जी?"

माझी नात कॉन्व्हेंटला जाते. गजभिये मॅडमची पोरंही तिकडेच शिकतात. साहेबांची कुठं शिकतात ते मी विचारलं नाही. चहा गरम होता, तो मी तसाच प्यालो आणि उठलो.

घरी येऊन पोराशी भांडलो. म्हटलं, नातीचं नाव काढ तिथून आणि माझ्या शाळेत टाक, पटाला लागते. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमची शाळा वाचवायले माह्या पोरीले पणाले नका लावू." सून आत गेली. मी रात्री जेवलो नाही. माझ्या न जेवण्यानं पट वाढणार नव्हता.

सप्टेंबरात पट मोजला. ज्या पोरी लेकरांसोबत आल्या होत्या त्या लेकरांसोबतच गेल्या होत्या. मोजणाऱ्यांना रिकामे बाक दिसले. ते का रिकामे, हा रकाना त्यांच्याकडे नव्हता.

आमची शाळा बंद झाली नाही. असं बोलायचं नसते. उन्हाळ्यात तिचं समायोजन झालं, म्हणजे ती रिंग रोडच्या पलीकडच्या शाळेत मिळवली. माणूस मेला असं न म्हणता देवाघरी गेला म्हणतात, त्यातलंच हे. बाक टेम्पोत भरले, ते मीच भरले. फळे भिंतीतच होते, ते राहिले. गजभिये मॅडम दुसऱ्या झोनला गेल्या. मला झोनच्या ऑफिसात लावलं, साहेब लोकांच्या फाईली एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायला. तिथं काचा वेचाव्या लागत नव्हत्या. आणि शाळा रिकामी होऊन महिना झाला नसेल, तिथं गेट लागलं. नवं, हिरव्या रंगाचं, मोठं कुलूप. कोणी जागेवर कब्जा करू नये म्हणून. मी ते हलवून पाहिलं. चांगलं मजबूत होतं.

पुढचं सत्र सुरू झालं तेव्हा पहिले काही दिवस मी ऑफिसच्या आधी वस्तीत जायचो आणि पोट्ट्यांना रिंग रोड ओलांडून द्यायचो. ट्रकवाल्यांना हात दाखवून थांबवायचो, शिव्या खायचो. मग ऑफिसात उशीर होतो म्हणून विचारणा झाली. पोरं काही दिवस स्वतः गेली, मग त्यातली मोठी तेवढी जात राहिली. पोरींना मायांनी जाऊच दिलं नाही. तो रस्ता पाहिला तर मीही माझ्या नातीला एकटं सोडणार नाही. आचल एक दिवसही आली नाही. चौथीत तिचं नाव पलीकडच्या शाळेत चढलं होतं, कागदावर. बिचारी मोजणीत होती, वर्गात नव्हती.

मी रिटायर झालो. सकाळी फिरायला जातो, गुडघे धरतात पण जातो. परवा चौकात आचल दिसली. चांगली उंच झाली आहे. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली, "पराते काका!" एका हातात पाण्याची बाटली, खांद्यावर दप्तर, आणि समोर वंश उभा, टाय लावून, केस पाणी लावून चापून बसवलेले. व्हॅनची वाट पाहत होते. दप्तर त्याचं होतं.

"काय करतं वं आता?" मी विचारलं.

"स्कीममंदी जाते ना काका, मायसंगं. तिची कंबर दुखते. तिची तीन घरं आता मीच करते." सांगताना तिला अभिमान होता. मग म्हणाली, "वंश पहिलीत हाय. इंग्लिशमंदी पोएम म्हणते. म्हण ना बे काकाले."

वंशनं म्हटली. हात हलवून, मान डोलवून, पूर्ण. मला एक शब्द कळला नाही. आचललाही कळला नसावा, पण ती त्याच्यासोबत ओठ हलवत होती.

मी म्हटलं, "वा रे पठ्ठ्या. पण तुझी दीदी तुझ्याहून हुशार होती, माहीत आहे का?"

वंशनं मोठ्या लोकांना समजावतात तसं मला समजावलं. "दीदी शाळेत गेलीच नाही."

मी आचलकडे पाहिलं. आता ती सांगेल म्हणून. तिनं त्याची टाय सरळ केली. राग नाही, दुःख नाही. जणू पोरगं बरोबर बोललं.

व्हॅन आली. आधीच गच्च भरलेली. तिनं त्याला आत ढकललं, दप्तर मांडीवर दिलं, बाटली दिली. दार लागलं. मला राहवलं नाही. मी खिडकीच्या जाळीला धरलं आणि ओरडलो, "गेली होती बे! तू व्हरांड्यात मुतत होता तवा ती तिसरीत पहिली आली होती! विचार कोणालेही!" आतले पोट्टे हसायला लागले. वंशही हसला. ड्रायव्हर म्हणाला, "हात काढा बाबाजी," आणि व्हॅन निघाली.

"जाऊ द्या ना काका," आचल म्हणाली. तिला कामाला उशीर होत होता. ती स्कीमच्या गेटाकडे चालायला लागली.